सुट्टीतल्या दाढ्या

सुट्ट्या लागायच्या आधीच्या आठवड्यात वस्तादाच्या सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. कुणी आईवडिलांकडे निघालेलं, कुणी लग्नाला, कुणी डोंगरात, कुणी समुद्रकाठी. आणि सगळ्यांना त्याच आठवड्यात डोकं हलकं करून हवं असायचं. बाकावर माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, दोघं भिंतीला टेकून उभी, एकजण दारात फोनवर भांडतोय, आणि वस्ताद कात्री आणि जीभ दोन्ही सारख्याच वेगाने चालवतोय. वस्ताद हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव बँकेखेरीज कुणी वापरत नसे, आणि बँकेत तो क्वचितच जायचा.

मग एका दुपारी शेवटचं गिऱ्हाईक मानेवरचे केस झटकत बाहेर पडायचं आणि सगळा रस्ताच जणू त्याच्या मागोमाग निघून जायचा. समोरचा चष्मेवाला शटर ओढायचा. कोपऱ्यावरची शिवणकामवाली पाट्या आत घ्यायची. रस्त्यावर माशी हलेनाशी व्हायची. वस्ताद जमिनीवरचे केस गोळा करायचा, खुर्च्या पुसायचा, कात्र्या फडक्यात गुंडाळायचा. पुसायला काही उरलं नाही की तो मान वर करायचा. समोर भिंतभर आरसा, आणि एवढ्या मोठ्या आरशात माणूस एकच.

घर दुकानाच्याच वर होतं. दोन खोल्या. बायको होती तोवर सुट्टीत त्याला वर जायची घाई असायची. ती गेल्यापासून जिना चढायचा तर पाय जड व्हायचे. दिवसभर दुकानात तो इतकं बोलायचा की गिऱ्हाइकांना वाटे, या माणसाच्या घरी काय गोकुळ नांदत असेल! आणि घरी तर रात्री घड्याळ पुढे सरकल्याचंही ऐकू यायचं. एकुलती एक लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. तिचा फोन यायचा.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

मग तिकडून नात काहीतरी सांडायची, लेक "ठेवते हं, बाबा" म्हणायची, आणि वस्ताद फोन हातात धरून आणखी थोडा वेळ उभा राहायचा. दुकानात लोकांना तासन्‌तास बोलत ठेवणाऱ्या या माणसाला पोटच्या पोरीशी काय बोलावं ते सुचत नसे.

गेल्या वर्षी सुट्टी लागायच्या दिवशीच तो दुकानात घसरून पडला. फरशी त्यानेच धुतली होती. आयुष्यभर गिऱ्हाइकांना "जपून हं, ओलं आहे" असं सांगत आला, आणि स्वतःच साबणाच्या पाण्यावर गेला. मांडीचं हाड मोडलं, आणि पडताना हात टेकला म्हणून उजवं मनगटही गेलं. चष्मेवाला कुलूप लावता लावता धावत आला म्हणून बरं. नाहीतर सुट्टी संपेपर्यंत त्याला कुणी पाहिलंही नसतं.

इस्पितळात मांडीत सळई घातली, मनगटावर प्लास्टर चढलं. लेक आली, काही दिवस राहिली. तिला रजा थोडी, पोर लहान, त्यात सासूबाईंचं डोळ्याचं काहीतरी निघालेलं. निघताना तिचा पाय निघेना.

"बाबा, मी अजून दोन दिवस..."

"जा गं! मला काय कमी आहे इथे? आयती खाट, आयता चहा. उलट तू असलीस की मला घोरता येत नाही."

ती हसली आणि गेली. ती गेल्यावर त्याने कूस बदलायचा प्रयत्न केला, पण त्या पायामुळे तेही जमण्यासारखं नव्हतं. म्हणून तो आढ्याकडे बघत राहिला.

सुट्टीतलं इस्पितळ ही एक वेगळीच जागा असते. ज्यांना घरी पाठवणं शक्य आहे त्यांना पाठवलेलं असतं. उरतात ते अगदी हलता न येणारे, नाहीतर ज्यांना न्यायला कुणी नाही असे. सिस्टर निम्म्या, डॉक्टर धावतपळत, आणि भेटीच्या वेळेला दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे. दोन-तीन खाटांभोवती माणसं जमतात, डबे उघडतात, हसणं-बोलणं होतं. बाकीचे डोळे मिटून घेतात. वस्तादही मिटायचा.

त्या दिवसांत त्याची दाढी वाढली. वाढली म्हणजे चांगलीच वाढली. रोज पहाटे स्वतःची दाढी केल्याशिवाय त्याने कधी दुकान उघडलं नव्हतं. दाढी न केलेला न्हावी म्हणजे अनवाणी चांभार, असं तो म्हणायचा. आता डाव्या हाताने पेलासुद्धा धड धरता येत नव्हता. स्टीलच्या पेल्यात त्याला स्वतःचं तोंड दिसायचं, वाकडं, पांढरं, केसाळ. आणि तो पेला उलटा ठेवायचा.

वॉर्डात एक मामा होते. खाट ढकलायची, भांडं द्यायचं-न्यायचं, चादरी बदलायच्या, ही सगळी कामं त्यांच्या अंगावर. अंगाने जाड, चाल डुलती, आणि बोलायचं म्हणजे अगदी जिवावर यायचं त्यांना. एका सकाळी ते बादली घेऊन चालले होते. वस्ताद गालावरून हात फिरवत बसला होता. मामा थांबले.

"खाजतंय?"

"खाजत नाही. लाज वाटते."

"कसली?"

"जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या, मामा. आणि आता मीच अस्वल होऊन बसलोय."

मामा बादली घेऊन निघून गेले. वस्तादाला वाटलं, झालं, विषय संपला. पण डॉक्टरांची फेरी आटोपल्यावर मामा परत आले ते हातात गरम पाण्याचा टोप, हात धुवायच्या साबणाची वडी आणि दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर मिळतो तसला एक रेझर घेऊन.

"मला येत नाही हं," ते म्हणाले. "स्वतःचीच करतो फक्त. तीही बायको म्हणते, अर्धं गवत तसंच ठेवलंत."

आणि त्यांनी सुरुवात केली. साबण अर्धा गालावर, अर्धा नाकपुडीत. रेझर खालून वर, उलटा. वस्ताद ओरडलाच. "अहो, केसाच्या कलाने! कानापासून खाली या!" मामा कानापासून खाली आले आणि कानाच्या पाळीला लागलं. "दाबू नका, नुसता सोडा!" मामांनी इतका सोडला की एकही केस निघेना. लोकांची बिनपाण्याने करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची आज पाण्याने होत होती आणि तीच जास्त झोंबत होती.

मग मामांनी डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली धरली आणि त्याचं तोंड हळूच उजेडाकडे वळवलं.

रोज कितीतरी चेहरे त्याच्या हातात यायचे. असंच हनुवटीला धरून तो ते उजेडाकडे वळवायचा, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. त्याचा स्वतःचा चेहरा मात्र बायको गेल्यापासून कुणाच्या हातात गेला नव्हता. डॉक्टरांनी पाय धरला, हात धरला, नाडी धरली. चेहऱ्याला कुणीही हात लावला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना.

"साबण झोंबला का?" मामांनी विचारलं.

"झोंबला थोडा."

मामांनी टॉवेलचं टोक कोरड्या बाजूने धरलं, आधी डोळे पुसले, मग गाल. पुढे वस्तादाने काही शिकवलं नाही. दाढी झाली तेव्हा चार ठिकाणी कापसाचे बोळे चिकटवलेले होते. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "काय वस्ताद, मांजराशी भांडलात काय?" वस्तादाने पेला सरळ केला आणि त्यात बघितलं. अशी वाईट दाढी त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्या दिवशी दुपारी त्याला झोप लागली, इस्पितळात आल्यापासून पहिल्यांदा.

घरी सोडलं त्या दिवशी मामांची रजा होती. आभार मानायचे राहून गेले.

हाड जुळायला वेळ लागला, मनगट सुटायला त्याहून जास्त. वस्ताद आधी कुबड्यांवर चालला, मग काठीवर. पुन्हा कात्री धरता आली त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं की मामांना दुकानात आणायचं. मोठ्या खुर्चीत बसवायचं, गरम टॉवेल ठेवायचा, साग्रसंगीत दाढी, मग डोक्याला तेल, आणि म्हणायचं, "मामा, ही खुर्ची आता तुमची. मी आहे तोवर तुम्ही यायचं." हे वाक्य तो जिन्यात म्हणून बघायचा.

तो इस्पितळात गेला. वॉर्डात नव्या सिस्टर होत्या.

"ते जाड मामा? ते नाहीत आता. साफसफाईचा ठेका बदलला ना. नव्या ठेकेदाराने नवी माणसं आणली."

"कुठे असतात?"

"काय माहीत."

"नाव काय होतं त्यांचं?"

सिस्टरने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे. "आम्ही मामाच म्हणायचो."

वस्ताद बाहेरच्या बाकावर येऊन बसला. त्याला स्वतःचा राग आला. तेवढे दिवस त्या माणसाच्या हातचं पाणी प्यायलो आणि नाव विचारावंसं वाटलं नाही! दुकानात तर तो माणसाच्या सात पिढ्या विचारून घ्यायचा. आता उतराई व्हायचं तर कुणाचा? उपकार करणारा गर्दीत मिसळून गेला होता, आणि उपकार मात्र याच्या छातीवर तसाच बसला होता.

मोठ्या सिस्टर तिथून चालल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलं. "पाय बरा झाला की! मग इथे का बसलात?"

त्याने सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "मामा काही सापडायचे नाहीत. पण एवढं वाटतंय तर सुट्टीत या. माझ्याकडे तेव्हा निम्मी माणसं नसतात. औषध-पाणी होतं कसंतरी. दाढ्यांकडे कोण बघतंय?" बोलता बोलता त्या निघूनही गेल्या. बोलायचं म्हणून बोलल्या होत्या. वस्तादाने ते मनावर घेतलं.

या वर्षी सुट्टीच्या आधीचं शेवटचं गिऱ्हाईक गेलं, तेव्हा त्याने केस गोळा केले आणि आरशाकडे न बघता पिशवी भरली. ब्रश, साबणाची वाटी, तुरटी, धुतलेले टॉवेल, आणि प्रत्येकाला नवं पातं मिळेल इतकी पात्यांची पाकिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत तो वॉर्डात हजर झाला. मोठ्या सिस्टरना आधी आठवेना. आठवलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आलात खरंच? बरं. त्या टोकापासून सुरू करा. जखमेजवळ जायचं नाही, आणि शंका आली की मला विचारायचं."

पहिल्याच खाटेवर दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेला एक जाडजूड माणूस होता. "फुकट करणार? म्हणजे कान कापणार असाल."

"कानाचं वेगळं पडतं," वस्ताद म्हणाला आणि वाटीत ब्रश फिरवायला लागला.

वॉर्ड हसला, आणि तिथून त्याचा हात सुटला. कुणाची दाढी, कुणाच्या मिशा, कुणाच्या कानामागे वाढलेले केस. एक म्हातारे गृहस्थ तर दाढी चालू असतानाच झोपी गेले, आणि ते जागे होईपर्यंत वस्ताद टॉवेल धरून तसाच थांबला.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एका रोग्याची बायको पॅसेजमधून ओरडली, "अहो मामा! भांडं आणा ना लवकर, यांना धीर नाही!"

वस्तादाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तिने त्यालाच हाक मारली होती. तो क्षणभर उभा राहिला. मग काठी भिंतीला लावली आणि भांडं शोधायला गेला. ते कसं धरायचं, कसं सरकवायचं, माणसाला लाज वाटू नये म्हणून तोंड कुठे वळवायचं, हे सगळं तो त्या दिवशी शिकला. नंतर बायका-माणसं त्याला सर्रास मामा म्हणायला लागली. त्याने कुणाला दुरुस्त केलं नाही.

पण दिवस जायचा आणि संध्याकाळ जायची नाही. पिशवी घेऊन तो परत यायचा तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले असायचे आणि खिडक्या बहुतेक अंधारलेल्या. वर जाऊन तो ब्रश धुवायचा, टॉवेल पिळायचा, दोरीवर टाकायचा. भिजलेल्या टॉवेलांनी खोली भरून जायची. त्याला वाटलं होतं, दिवसभर माणसांत राहिलं की घर खायला उठणार नाही. ते तसंच उठायचं. शिवाय वॉर्डातली माणसं बरी होऊन जायची. काल ज्याची मान हातात धरली, तो आज कपडे घालून, बॅग उचलून, दारातून बाहेर. मागे वळून बघणारे थोडेच. वस्तादाला त्यांचा राग येत नसे. बरं झालेल्या माणसाला वॉर्ड विसरायचाच असतो. पण रिकामी खाट दिसली की तो तिच्यावरची चादर उगाच सारखी करायचा.

खिडकीशी एक काका होते. पूर्वी क्रेन चालवायचे. उंच पिंजऱ्यात एकट्याने बसून आयुष्य काढलं, म्हणून की काय, खाली कुणाशी बोलायची त्यांना सवय नव्हती. झटका येऊन उजवी बाजू गेली होती. जीभ थोडी जड झाली होती, पण शब्द कळायचे. खिडकीतून अर्धवट बांधलेली एक इमारत दिसायची आणि तिच्यावर बंद पडून असलेली क्रेन. काका दिवसभर तिच्याकडे बघायचे.

पहिल्या दिवशी वस्ताद वाटी घेऊन त्यांच्याकडे गेला, तर त्यांनी डावा हात आडवा केला.

"नको. माझा मुलगा येणार आहे."

"येऊ देत की. तोवर मी करतो."

"तो करील."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सिस्टरने वस्तादाला बाजूला घेऊन सांगितलं की मुलगा बायकापोरांना घेऊन सुट्टीला गेला आहे. जायचं आधीच ठरलं होतं. फोन करतो, विचारतो, पण आलेला नाही. वस्ताद म्हातारपणाच्या हट्टाला हसला नाही. दाराकडे बघणं कसं असतं ते त्याला माहीत होतं. तो सगळ्यांच्या दाढ्या उरकून रोज काकांच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचा. दोघंही क्रेनकडे बघायचे.

"वर वारा असेल नाही खूप?" वस्तादाने एकदा विचारलं.

"असतो."

"भीती?"

काकांनी जरा विचार केला. "वर नाही वाटायची. खाली आल्यावर वाटायची. कुणी ओळखत नाही खाली."

वस्तादाने त्यांच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं. असं बोलणारं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं असतं तर त्याने लगेच काहीतरी चेष्टा केली असती. इथे त्याने स्टूल आणखी जवळ ओढलं.

सुट्टी संपत आली होती तेव्हा एका दुपारी मुलगा आला. नाक उन्हाने सोललेलं, हातात फळांची पिशवी, चेहऱ्यावर अपराध्यासारखी घाई. वडिलांना बघितलं आणि तो दचकला. बघता बघता त्या दचकण्याचा राग झाला, आणि राग काढायला समोर वस्ताद होता.

"काय हो मामा, एवढे दिवस यांची दाढी कुणाला करता आली नाही? असं ठेवतात माणसाला?"

वस्तादाचे कान तापले. ओठापर्यंत बरंच काही आलं. पण काकांनीच डावा हात उचलला.

"त्यांना बोलू नकोस. मीच नाही म्हटलं. तुझी वाट बघत होतो."

"माझी? दाढीसाठी? बाबा, मला कुठे येते दुसऱ्याची दाढी करायला!"

"तू लहान होतास. पाटावर उभा राहून माझ्या तोंडाला फेस लावायचास. नाकाला, डोळ्यांना, सगळीकडे." काका थांबले. एवढं एका दमात बोलून ते थकले होते. "मी कामावर लवकर जायचो. तेवढीच भेट व्हायची आपली."

मुलगा पिशवी हातात धरून उभा राहिला. ती कुठे ठेवावी हेही त्याला कळेना. वस्तादाने ती काढून घेतली, टेबलावर ठेवली, आणि आपला ब्रश त्याच्या हातात दिला.

"मला येत नाही," मुलगा हळूच म्हणाला.

"फेस तर लावता येत होता ना? मग लावा. आधी गोल गोल फिरवा."

मुलाने ब्रश फिरवला. फेस नाकावर गेला तसे काका हसले. म्हणजे ओठाची एकच बाजू हसली. वस्तादाने रेझरला नवं पातं लावलं आणि मुलाच्या मुठीवर मूठ ठेवून पहिली ओढ कानापासून खाली घेतली. "असं. डाव्या हाताने कातडी ताणून धरा. घाबरू नका, तुमचेच बाबा आहेत." दुसऱ्या ओढीला त्याने हात सैल केला. तिसऱ्या ओढीला काढून घेतला.

हनुवटीच्या वळणावर रक्ताचा ठिपका उमटला. मुलगा "सॉरी, सॉरी" करत मागे सरला. वस्तादाची बोटं वळवळली. घटकाभराचं काम होतं. त्याने रेझर हातात घेतला असता तर काकांचा गाल काचेसारखा झाला असता. त्याने हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत धरून ठेवले.

"काही नाही झालं," काका म्हणाले. "चालू दे."

मुलाने वडिलांची हनुवटी धरली आणि त्यांचं तोंड खिडकीकडे वळवलं. काकांनी डोळे मिटून घेतले.

वस्ताद पॅसेजमध्ये आला. तो गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. थोडा वेळ तो पाण्याच्या पिंपाशी उभा राहिला. आत बापलेकांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते, पण मधूनच मुलाचा आवाज भरून येत होता. वस्तादाला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या पोटातच इतकं एकटं वाटत होतं की तो पेलाभर पाणी प्यायला आणि आणखी पेलाभर प्यायला. ब्रश आत राहिला होता. तो मागायला आत जाणं काही त्याला जमलं नाही. काठी घेतली आणि तो घरी गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"जेवलात का, बाबा?"

"अजून नाही." मग तो जरा थांबला. "तू लहानपणी माझ्या तोंडाला कधी फेस लावला होतास का गं?"

"फेस? नाही हो बाबा. तुम्ही मी उठायच्या आत दुकानात गेलेले असायचात." ती हसली. "का? काय झालं?"

"काही नाही. सहज."

"पुढच्या सुट्टीत येऊ बाबा आम्ही. नक्की."

"ये," तो म्हणाला. तिकडून काहीतरी सांडल्याचा आवाज आला, पण या वेळी लेकीने फोन लगेच ठेवला नाही. "बाबा, बरं आहे ना तुम्हाला?" तिने पुन्हा विचारलं. तो बरं आहे म्हणाला. मगच तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा मुलगा काकांना घरी घेऊन गेला होता. ब्रश सिस्टरकडे ठेवला होता, धुऊन, कागदात गुंडाळून. निरोप काही नव्हता. मग सुट्ट्या संपल्या. समोरच्या चष्मेवाल्याचं शटर वर गेलं, बाकावर माणसं बसली, वस्तादाची जीभ पुन्हा कात्रीबरोबर चालायला लागली. "सुट्टीत कुठे गेला होतात, वस्ताद?" कुणी विचारलं. "इथेच," तो म्हणाला, आणि विचारणाऱ्याच्याच मुलाच्या परीक्षेचा विषय काढला. वॉर्डातही सगळी माणसं कामावर परतली होती. मोठ्या सिस्टर अवघडून म्हणाल्या की आता बाहेरच्या माणसाला असं आत घेता येत नाही. पुढच्या सुट्टीत या.

त्याने मान डोलावली. पण आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी पाय आपोआप तिकडेच वळले. भेटीची वेळ होती. दारावरच्या पहारेकऱ्याने त्याला अडवलं.

"कुणाला भेटायचंय?"

वस्ताद गोंधळला. आजवर हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "ज्यांच्याकडे कुणी आलेलं नसेल, त्यांना."

"असं नाही चालत, काका. खाट नंबर सांगा."

त्याने तोंडात आला तो नंबर सांगितला. पहारेकऱ्याने पास दिला. त्या खाटेवर एक अनोळखी माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. हातात सलाइन, दाढी वाढलेली, टेबलावर झाकून ठेवलेलं जेवण तसंच. आजूबाजूच्या खाटांवर माणसं जमली होती, कुणी फळं सोलून देत होतं, कुणी पाय दाबत होतं. वस्तादाने स्टूल ओढलं, अगदी आवाज न करता, पण तरी त्या माणसाने मान वळवली.

"कोण?"

"कुणी नाही. बसलोय जरा." वस्तादाने काठी खाटेच्या दांडीला अडकवली. "तुम्ही झोपा."

माणूस त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने झोपण्याऐवजी सलाइन नसलेला हात पांघरुणाबाहेर काढला आणि टेबलाकडे बोट केलं.

"तेवढं पाणी देता का?"

वस्तादाने पेला उचलला, त्याच्या मानेखाली हात घातला आणि त्याला हळूहळू पाणी पाजलं. मग विचारलं, "नाव काय तुमचं?"